माळ्यावरचं चर्च

त्रुसने जिन्याचा आधाराचा दोर दोन्ही हातांनी धरला, सहा पायऱ्या चढली आणि सातवीवर मटकन बसली. ॲमस्टरडॅमच्या जुन्या घरांतले जिने म्हणजे उभ्या शिड्याच, आणि तिचं हृदय अठ्ठ्याहत्तर वर्षांचं.

"झालं समाधान?" खालच्या पायरीवरून आरी म्हणाला. "चल घरी."

"तुला तेच हवंय, म्हाताऱ्या."

तिला रडू येत होतं. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली, पण नवराबायको एकाही चर्चमध्ये शेजारी बसले नव्हते. ती कॅथलिक, तो कट्टर प्रोटेस्टंट. कॅथलिक चर्चचं दार ओलांडणार नाही, असा शब्द त्याने बापाला दिलेला. दर रविवारी तो तिला तिच्या चर्चपाशी सोडायचा आणि आपल्या चर्चला जायचा. तिथे प्रवचन सुरू झालं की बाकाबाकांवरून पेपरमिंटची पुडी फिरते. आरी गोळी खायचा ती तेवढीच, एरवी पुडीला हात लावायचा नाही.

हे चर्च तिनेच शोधून काढलं होतं. कॅथलिकांना उघड प्रार्थनेची बंदी होती, त्या काळात कुणा व्यापाऱ्याने ते घराच्या माळ्यावर लपवलं होतं. रस्त्यावरून दिसतं ते फक्त घर; आता तिथे संग्रहालय आहे.

"दार घराचं आहे, तुझा शब्द मोडत नाही," असं पटवून तिने त्याला इथवर आणलं होतं. आणि आता पाय तिचेच अडले.

"तू तरी जाऊन ये," ती म्हणाली.

"एकटा? मी काय करू तिथे?"

"बघ आणि ये. कुणी चावत नाही."

तो कुरकुरत तिच्या बाजूने वर गेला. तिकिटं देणाऱ्या बाईने त्रुसला हात धरून उतरवलं, खुर्ची दिली. अर्ध्या तासाने जिन्यावर त्याचे बूट वाजले.

"कसं आहे?"

"ठीक. भिंती गुलाबी आहेत. आमच्यात असलं चालत नाही."

"एवढं बघायला अर्धा तास?"

"जिना अवघड आहे."

तिला उठवायला तो वाकला. त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता, आणि आज शुक्रवार होता.

त्रुस त्याच्याकडे बघत राहिली. आरीने खिशातून एक पांढरी गोळी काढून तिच्या तळव्यावर ठेवली.

"ही तुझी," तो म्हणाला. "मघाशी वर बाकावर, माझ्या शेजारी, तुझ्या जागेवर ठेवली होती."