डावा कोपरा

जुनं मैदान. जिंकलो.

चर्चकडून ओढ्याकडे उतरतं मैदान. चर्चकडच्या गोलकीपरला ओढ्याकडच्या गोलकीपरची टोपी तेवढी दिसते, बाकी माणूस अंदाजाने धरायचा. पहिला अर्धा वेळ चढावर खेळायचा, कसाबसा तग धरायचा. मध्यंतरानंतर उतार आपला.

उतारावर डाव्या कडेने इनॉक. माझा नवरा. ब्रॅकन्शॉ टाऊनचा डावा विंगर.

तो चेंडू पुढे टोलवतो. पाहुण्यांचा बचावपटू जीव खाऊन पळत सुटतो. इनॉक घाई करत नाही. चेंडू ओढ्याकडच्या कोपऱ्यात निशाणापाशी पोचतो तेव्हा इनॉक तिथे आधीच उभा, जेवायला येणाऱ्या पाहुण्यासाठी दारात उभं राहावं तसा. मग चेंडू गोलसमोर, आणि गोल.

बाहेरगावी मात्र त्याचं काही चालत नाही. खेळाडूंची मालिश करणारा म्हातारा सेथ म्हणतो, "त्याला परकं पाणी बाधतं." म्हणून मी दर बाहेरगावच्या सामन्याला बाटलीत इथलं पाणी भरून देते. तरी हरतात. पुढच्या वेळी मोठी बाटली देते.

इनॉक मिसरूड फुटायच्या आधी खाणीत उतरला. एकदा छत बसलं आणि तो दिवसभर अंधारात अडकला. पुढे फुटबॉलने त्याला वर काढलं. अजून घरातसुद्धा दाराकडे तोंड करून जेवतो. वर राहायचं असेल तर संघात राहायचं. इतकं साधं आहे.

नवं मैदान. बँड आणि भाषण.

क्लबचे अध्यक्ष मिस्टर ऑर्मरॉड बिअर बनवतात. पोट मोठं, स्वप्न त्याहून मोठं. उतारावरच्या मैदानाची त्यांना लाज वाटते. बाहेरचे लोक हसतात म्हणे. म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या घरांच्या रांगेमागेच, खाणवाल्यांकडून नवी जागा घेतली. स्वस्तात.

स्वस्तात का दिली, कुणी विचारलं नाही. खालून कोळसा निघाला की जमीन बसते, जमिनीबरोबर घरं बसतात. ज्या गावात प्रत्येक बाईने मेजाच्या दोन पायांखाली पाचरी मारल्यात, त्या गावात कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी टाळ्या वाजवत होते.

कारण ऑर्मरॉड साहेबांनी मैदानाच्या मधोमध एक गुळगुळीत फळी ठेवली, तिच्यावर बिलियर्डचा चेंडू ठेवला आणि हात काढून घेतला. चेंडू जागचा हलला नाही.

"मेजासारखं सपाट!" साहेब ओरडले.

"कुणाच्या मेजासारखं?" माझा भाऊ एबल माझ्या कानाशी पुटपुटला. "आणि हलत नाही म्हणून टाळ्या? मग आपल्या गोलकीपरला का नाही वाजवत?"

मी हसले. इनॉक हसला नाही. तो फळीवरच्या चेंडूकडे बघत होता. चेंडू हलला नाही. तोही.

नवं मैदान. हरलो. हरलो. बरोबरी. हरलो.

तो टोलवतो, कोपऱ्यात जातो, उभा राहतो. चेंडू निम्म्या वाटेत गवतात पडलेला. पाहुण्यांचा बचावपटू चालत जातो, उचलल्यासारखा घेऊन जातो.

"काय रे इनॉक, गाडीची वाट बघतोस का?"

"त्याला खुर्ची द्या कुणीतरी!"

"अरे, चेंडूला बोलावणं धाड, येईल बिचारा!"

मटण भरलेली गरम पाई विकणारा माझ्याकडे बघतो आणि नजर वळवतो. मी पाई विकत घेते. खात नाही. हातात गार होते.

घरी तो बसत नाही. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत.

"बस ना रे जरा."

"बसलोच आहे."

"उभ्याने?"

तो थांबतो. चुलीकडे तोंड, दाराकडे पाठ. तसा तो कधी उभा राहत नाही.

"मी कधी पळतच नव्हतो, हेस्टर. जमीन पळत होती."

पाण्याची बाटली माझ्या हातात होती, ती मी भिंतीवरच्या फळीवर ठेवली. आडवी. ती घरंगळत चुलीच्या बाजूला गेली आणि आम्ही दोघं बघत राहिलो.

मग तो सपाटावर पळायला शिकू लागला. पण सराव करायचा कुठे? आमची गल्ली उतरती. मागचं अंगण उतरतं. सेथची कुरणातली वाट उतरती. अख्ख्या ब्रॅकन्शॉमध्ये सपाट जागा एकच, आणि आठवडाभर तिला कुलूप, गवत खराब होऊ नये म्हणून.

ऑर्मरॉड साहेब म्हणाले, "नाताळपर्यंत बघू."

नाताळ आला. नाताळ गेला. इनॉकच्या जागी प्रेस्टनकडचा पर्व्हिस नावाचा कुणीतरी आला. मिशीला मेण, चेंडू पायाला चिकटवल्यासारखा. इनॉकचा शर्ट त्याला थोडा तोकडा होतो. तोच शर्ट. मीच धुतलेला.

मैदानाखाली. निकाल नाही.

एबल म्हणाला, "खाणीत आमच्या टोळीत माणूस हवाय. चल."

इनॉक गेला. मी दिवसभर घर पुसलं. पुसलेलं पुन्हा पुसलं.

संध्याकाळी तो परतला, चुलीसमोरच्या टबात बसला. मी पाठ घासू लागले तर पाठ हादरत होती. रडतोय असं वाटलं. पुढे जाऊन बघते तर हसतोय. कित्येक महिन्यांनी.

"एबल कुठे काम करतो, ठाऊक आहे?"

"खाली."

"कशाच्या खाली?"

मी साबण हातात धरून उभी.

"आधीच्या लोकांनी कोळसा काढताना मधे मधे खांब सोडलेत. कोळशाचेच. छत धरून ठेवायला. आता मालक म्हणतात, खांबही काढा. खांब काढत मागे मागे यायचं, पुढे छत बसत जातं."

"इनॉक, कशाच्या खाली?"

"ऑर्मरॉड साहेबांच्या बिलियर्ड टेबलाच्या."

मीही हसले. मग साबण सुटला, टबात पडला, आणि माझं हसणं थांबलं.

दोन आठवड्यांनी एबल दारातूनच ओरडत आला. "तुझा नवरा वेडा झालाय! माणसं त्या टोकाकडून बदली मागतात, आणि हा मुकादमाशी भांडून तिथे जातो!"

"कुठल्या टोकाला?"

"डाव्या कोपऱ्याखाली. नकाशा बघून आला लेकाचा!"

इनॉक खाली मान घालून जेवत होता. आता तो दाराकडे तोंड करून बसत नव्हता, कुठेही बसत होता, पण बसल्या जागी पाय हलत होता. मेज हलत होतं. सूप हलत होतं.

"छत डोक्यात बसेल," मी म्हटलं.

"बसायलाच हवं ते. मी बाजूला असलो म्हणजे झालं."

"आणि आपलं घर? आपणही त्याच कोपऱ्याला लागून आहोत."

त्याने पाव मोडला.

नवं मैदान. हरलो.

मार्चमध्ये डाव्या कोपऱ्यात डबकं साचलं. माळ्याने चर खणला. पाणी चराला बधलं नाही. एप्रिलमध्ये निशाण तिरकं झालं. माळी ते सरळ करून जायचा, शनिवारी पुन्हा तिरकं. पर्व्हिस चेंडू पायाला चिकटवून यायचा आणि कोपऱ्याजवळ चेंडूच त्याला सोडून पुढे जायचा. तो मागे धावायचा. पडायचा. मिशीचं मेण चिखलात.

"ए पर्व्हिस, गाडी चुकली का रे?"

तोच आवाज. तीच माणसं. मी पाई घेतली आणि सगळी खाल्ली.

आता एकच सामना उरला होता. तो हरलो तर लीगमधून बाहेर.

स्वयंपाकघर.

मिस्टर ऑर्मरॉड दारात. टोपी हातात. आमच्या उंबऱ्यावरून आत येताना त्यांचा तोल गेला, त्यांनी मेज धरलं, मेज हललं.

"शनिवारी या, इनॉक."

इनॉक टबात. अंगावर काळं पाणी. तो उठला नाही.

"शनिवारी येतो. पुढच्या हंगामाचं काय?"

साहेब खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते, हे मला तिथेच कळलं. "उन्हाळ्यात राख टाकून तो कोपरा भरून घेणार आहे. गाड्या ठरवल्यात. पुन्हा मेजासारखं सपाट करतो बघा." त्यांची नजर आमच्या मेजावर गेली, पाचरींवर गेली.

"म्हणजे एक शनिवार," इनॉक म्हणाला.

"एक शनिवार," साहेब म्हणाले. "उगाच आशा लावणार नाही."

इनॉकने तोंडावर पाणी मारलं. "शर्ट हेस्टरकडे पाठवा. पर्व्हिसने तो ताणून ठेवला असेल."

नवं मैदान. जिंकलो.

पहिला अर्धा वेळ कोपरा आमच्या पाठीमागे. आमच्यावर एक गोल बसला. मग बाजू बदलल्या.

इनॉक टोलवतो. पाहुण्यांचा बचावपटू धावतो, जीव खाऊन. इनॉक घाई करत नाही.

माझ्या शेजारी एबल. त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. "तो बघ," तो म्हणाला, "तो बघ, आम्ही खणलेला उतार, आम्ही..."

चेंडू तिरक्या निशाणापाशी पोचला. इनॉक तिथे होता.

एकदा. मग पुन्हा. दोन गोल. टोप्या हवेत, पाईवाल्याची पाटी उलटी, आणि ऑर्मरॉड साहेब रडत होते, मोठ्याने, पोट हलवत.

स्वयंपाकघर. सोमवार.

तो कंदील घेऊन निघाला होता.

"कुठे?"

"कामावर."

"ते मला कळतं. कुठे?"

"त्याच कोपऱ्यात. मुकादमाला सांगून ठेवलंय, उन्हाळाभर तिथेच." तो बूट बांधत होता, उभ्या उभ्या, एका पायावर. "ते वरून भरतील ना. मग खालून काढायला नको?"

"तू वर यावास म्हणून मी चर्चमध्ये गुडघे झिजवले, इनॉक."

"येतोय की मी वर. सप्टेंबरात, नवा हंगाम लागला की."

तो थट्टा करत नव्हता. बाहेर राखेच्या पहिल्या गाड्या मैदानाकडे चालल्या होत्या, चाकं कुरकुरत होती, आणि तो त्यांच्या आवाजाने हसत होता. दारावरच्या भिंतीत एक भेग होती. शनिवारी ती नव्हती. मी त्याला दाखवली. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं, कुठून कुठे जाते ते बघितलं.

"वाटाणे सोलतेस?"

"सोलतेय."

नखाखाली शेंग फुटून वाटाणे मेजावर सांडले. चुलीच्या बाजूने धावत सुटले. पाचरी असूनही. मी ते पकडायला वाकले, दोन्ही हातांनी, इकडे, तिकडे.

इनॉकने मान वर केली नाही. एका हाताने बुटाची नाडी ओढली आणि दुसरा हात मेजाच्या खालच्या कडेशी धरला. तळवा उघडा. वाटाणे एकामागून एक त्यात येऊन पडत गेले.