थोरल्या थेडीचं टपाल

असंप्टा हॅकेटचा तोरा आयर्लंडमधल्या सगळ्या बॅलिनागोर गावाला ठाऊक होता. गावचं पोस्ट तीन पिढ्या हॅकेटांच्या घरात, आणि 'आमच्या हातून पत्र कधी चुकलं नाही' हे ती चहा ओतता ओतताही ऐकवायची. पोस्टातून निवृत्त झाल्यावर तिनं पहिल्या महायुद्धात गेलेले गावचे शिपाई शोधायला घेतले. इंग्रजांच्या फौजेत गेले म्हणून ज्यांची नावं घरच्यांनीही गिळून टाकली, असे अकरा जण तिनं कागदपत्रांतून उकरून काढले. आता त्यांच्या नावांचा दगड चर्चच्या आवारात लागणार होता.

बारावा मात्र हाती लागेना. थेडी रायन, नोनीमावशीचा काका. गाव म्हणे, तो कुठल्याशा पोरीबरोबर अमेरिकेला पळाला. दगडासाठी नेमलेल्या कमिटीचा डोनल अडून बसला, कागद नाही तर नाव नाही, आणि यादी शुक्रवारी पाथरवटाकडे जाणार. चौऱ्याण्णव वर्षांच्या नोनीचं मागणं एवढंच होतं की डोळे मिटायच्या आत काकाचं नाव दगडावर बघायचंय.

पण रायन म्हणजे या गावात पैशाला पासरी. असंप्टानं फौजेतले सगळे थेडी, टिमथी आणि थॅडियस रायन पालथे घातले. बुधवारी दुपारी ती वैतागून कॉम्प्युटर बंद करणार, तोच रस्त्यावर कुणीतरी 'पॅट रुआ' अशी हाक मारली. तांबड्या केसांचा पॅट. तोही रायनच, पण त्याला रायन म्हणतो कोण? असंप्टानं कपाळावर हात मारून घेतला. घरात थेडी नावाचे दोन चुलतभाऊ, म्हणून आयरिशमध्ये धाकटा तो थेडी बेग आणि थोरला हा थेडी मोर. भरतीच्या कारकुनानं नाव विचारलं, पोरानं गाव म्हणतं तेच सांगितलं, आणि कारकुनानं मोर हेच आडनाव समजून इंग्रजी 'मूर' लिहून टाकलं असणार.

निघालाच की! टी. मूर, बॅलिनागोर, १९१७ साली फ्लँडर्सच्या आघाडीवर पडला. सोबत त्याचं मृत्युपत्र: 'माझं असेल नसेल ते आई जोहानाला, मेलोडियन बाजा धाकट्या थेडीला.' असंप्टा नाचायचीच बाकी राहिली. मग तिनं पुढचं पान उघडलं.

पाकीट होतं. फौजेनं 'मिसेस मूर, बॅलिनागोर' यांना धाडलेलं. त्यावर ऐटदार अक्षरात शेरा: या गावात असं कुणी नाही, परत. खाली सही मॉर्टिमर हॅकेट, म्हणजे तिच्या आजोबांची. जोहाना रोज सकाळी पोस्टाच्या दारात येऊन 'कागद आला का' म्हणून विचारायची, हे असंप्टा लहानपणापासून ऐकत आली होती. वीस वर्षं विचारलं बिचारीनं. असंप्टाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाकीट दडवता आलं असतं. डोनलचं तोंड बंद करायला मृत्युपत्र पुरे होतं. पण तिनं पाकिटासकट सगळी पानं छापून घेतली आणि कोट चढवून निघाली.

नोनीच्या दारात ती आत न जाता उभीच राहिली.

"मावशी, जोहाना रायनचं टपाल आहे. फार उशीर झालाय. चूक आमची आहे."

नोनीनं भिंग धरून सगळं वाचलं, पाकीट दोनदा.

"आजी म्हणायची, हॅकेट पोस्टमास्तर नाही म्हणतोय म्हणजे पत्र आलंच नसणार. म्हणजे माझा पोरगाच मला विसरला. याच दुःखात गेली गं ती."

असंप्टा ढसाढसा रडली. नोनीनं तिला हाताला धरून आत बसवलं, पुढ्यात चहा ठेवला आणि पावावर लोणी फासून दिलं.

"दगडावर नुसतं रायन घालू नकोस," ती म्हणाली. "रायन ढिगानं पडलेत. त्याची आई हाक मारायची तेच घाल."

असंप्टानं नाक पुसलं आणि तिथूनच पाथरवटाला फोन लावला. बारावं नाव ऐकून त्यानं विचारलं, मूर ना?

"मोर," असंप्टा म्हणाली, आणि आवाज पुन्हा पोस्टाच्या खिडकीतला झाला. "आयरिश मोर, ओच्या डोक्यावर तिरकी रेघ. मूर कोरलंस, तर या गावात असं कुणी नाही म्हणून दगड परत पाठवीन."