लोरेंझोनं रेडा विकला की नाही

आमच्या कांतालिदच्या शाळेत दोनशे अकरा पोरं होती आणि सगळ्यांना वाचता यायचं. हेडमास्तर म्हणून हे मी दरवर्षी लिहून द्यायचो, आणि ते खोटंही नव्हतं. कागद समोर धरला की पोरं वाचायची. वाचलं ते काय होतं, एवढं मात्र त्यांना विचारायचं नाही. तशी आमच्यात पद्धतच नव्हती.

सगळ्यांत वेगानं वाचायची ती लिझेल मकाबेन्ता. पाचवीतली पोर, काटकुळी, पण छातीत भाता असावा असा दम. इंग्रजीचं अख्खं पान ती एका श्वासात संपवायची. पूर्णविराम म्हणजे तिच्या लेखी माशीनं केलेली घाण. जिल्ह्याच्या वाचन स्पर्धेत तिला दुसरं बक्षीस मिळालं, तेव्हा मी तिचा फोटो छापून शाळेच्या फाटकावर बॅनर लावला. बॅनरवर माझा फोटो तिच्यापेक्षा थोडा मोठा होता. थोडाच.

त्या साली शहरातल्या शाळेतून मॅम प्रोसिंग बदलून आल्या. नाव युफ्रोसिना बालास्बास, पण सगळे प्रोसिंगच म्हणायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, अंगानं भरलेल्या, हातात सतत ताडाच्या पानाचा पंखा. अशा बाई शेवटची दोन वर्षं सावलीत बसून काढतात असा माझा अनुभव. मी त्यांना पाचवीचा वर्ग दिला, कारण त्या वर्गाला खिडक्या जास्त होत्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी लिझेलला कासवाचा धडा वाचायला दिला. कासवी किनाऱ्यावर येते, अंडी घालते, वाळूनं झाकते आणि समुद्रात परत जाते. लिझेलनं तो अकरा सेकंदांत वाचला. मी दारातच उभा होतो. टाळी वाजवायला हातही उचलले होते.

"छान," प्रोसिंग म्हणाल्या. "आता सांग, काय झालं?"

"कुठे, मॅम?"

"गोष्टीत."

लिझेलनं पान उलटून मागच्या बाजूला पाहिलं. तिथं काही नव्हतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेही काही नव्हतं.

"मॅम," ती अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "यात काही व्हायचं असतं का?"

मधल्या सुट्टीत बाई माझ्या खोलीत आल्या आणि न विचारता बसल्या.

"सर, तुमची पोरं वाचत नाहीत. भुंकतात."

"लिझेलला जिल्ह्यात दुसरं बक्षीस आहे."

"पोपटालासुद्धा मिळालं असतं. पण त्याच्याकडे गणवेश नव्हता." त्यांनी पंखा मिटला. "कपाटाची किल्ली द्या."

ते कपाट म्हणजे आमच्या शाळेची शान. चार वर्षांपूर्वी आलेली गोष्टींची एकशे चाळीस पुस्तकं त्यात प्लास्टिकच्या वेष्टनासकट रचून ठेवली होती. वर कागदी फुलपाखरं, 'वाचन-कोपरा' अशी रंगीत पाटी, आणि तिच्याखाली मी स्वतः लावलेली दुसरी पाटी: हात लावू नये.

"तपासणी होऊन जाऊ दे, मग बघू," मी म्हणालो. "पोरं पुस्तकांना हात लावतील, मॅम."

"मग काय लावायचं असतं? तूप?"

मी किल्ली दिली नाही. त्या "बरं" म्हणाल्या. माझं लग्न होऊन सव्वीस वर्षं झालीत, त्यामुळे अशा "बरं"चा अर्थ मला कळतो.

दुसऱ्या दिवसापासून प्रोसिंगनी पोरांना घरातून सापडेल तो छापील कागद आणायला सांगितला. शेवयांच्या पाकिटावरची कृती आली, वादळाच्या सूचनेचं पत्रक आलं, गावच्या नाचाचं निमंत्रण आलं, खोकल्याच्या औषधातली घडी आली. नियम दोनच. मनात वाचायचं आणि मग कागद खाली ठेवून, काय लिहिलंय ते आपल्या वाराय बोलीत सांगायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. सांगणारा चुकला असं वाटलं तर "थाप!" म्हणून ओरडायचं. पण ज्यानं थाप म्हटलं त्यानं कागदावर ती ओळ बोट ठेवून दाखवायची. नाही दाखवता आली, तर त्यानं फळा पुसायचा.

पोरांना दुसऱ्याला खोटं पाडायची अशी सरकारमान्य संधी आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. तीन आठवड्यांत वर्गाचा बाजार झाला. "थाप!" "कुठे?" "ही बघ, चौथी ओळ!" "आंधळे, ती पाचवी आहे!" शेजारच्या वर्गातले सर माझ्याकडे तक्रार घेऊन आले की त्यांना झोप... म्हणजे शिकवता येत नाही.

लिझेलचे मात्र हाल होत होते. तिला हळू वाचताच येईना. जोरात धावणाऱ्या पोराला दोरीवरून चालायला लावावं तसं झालं. तिच्या पहिल्या सहा गोष्टींना सहाही वेळा थाप मिळाली. ती रडली, कागद फेकला आणि बाईंना म्हणाली, "मला बक्षीस आहे!"

"आहे ना," प्रोसिंग म्हणाल्या. "ते घरी ठेव. इथं जिथं कळेनासं होईल तिथं थांबायचं. थांबण्याला कुणी हसलं तर तो फळा पुसेल."

थांबायला शिकल्यावर तिचा पहिला बळी तिचा मामा ठरला. त्याचा झुंजीचा कोंबडा होता, आणि त्याच्या ताकदीच्या औषधाचं पत्रक लिझेलनं वर्गात आणलं होतं. वाचता वाचता ती अडली. पुन्हा वाचलं. मग घरी जाऊन जेवणाच्या पाटावर मामाला म्हणाली, "मामा, यात दोन दिवसांतून एकदा लिहिलंय. तू दिवसातून दोनदा देतोस."

"गप्प बस. मी कोंबडे पाळतोय ते तू जन्मायच्या आधीपासून."

"बोट ठेवून दाखव."

मामानं बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं. तो कोंबडा पाद्रीबाबांच्या मोटारसायकलवर का धावून गेला, हे गावाला त्या दिवशी कळलं.

आता माझी पाळी. प्रोसिंगनी दुसरं खूळ काढलं होतं. जेवणानंतर पंधरा मिनिटं सगळ्या शाळेनं मुकाट बसून वाचायचं. सगळ्या म्हणजे सगळ्या: आचारीण, फाटकावरचा पहारेकरी, आणि मी. मी फाईल उघडून बसायचो. फाईलमागे डोळे मिटायला बरं पडतं. चौथ्या दिवशी बाईंनी लिझेलला माझ्याकडे धाडलं.

"सर, काय झालं त्यात?"

"कशात?"

"तुम्ही वाचताय त्यात."

मी फाईलकडे पाहिलं. ती उलटी होती. लिझेलच्या चेहऱ्यावर दया दिसली. अकरा वर्षांच्या पोरीनं आपल्याकडे दयेनं पाहणं काय असतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. मला आठवेना, कॉलेज सुटल्यापासून मी एखादं पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय का. कॉलेजात असतानाही वाचल्याचं आठवेना.

घरी जाऊन बायकोच्या उशाशी असलेल्या ढिगातली एक प्रेमकथा उचलली. दुसऱ्या दिवशी ती फाईलमध्ये घालून वाचायला बसलो. शुक्रवारपर्यंत पंधरा मिनिटं पुरेनात. पोरं रोज विचारायला यायची: "सर, डॉक्टरनं तिला खरं सांगितलं का?" "नाही रे, गाढव आहे तो." "का नाही सांगत?" आणि मला विचार करावा लागायचा, की का बरं नाही सांगत?

तरीही तपासणीच्या बाबतीत मी जुनाच राहिलो. तालुक्याच्या तपासणीस मॅम तिबुर्सिया दरवर्षी एकच उतारा आणायच्या, त्यांनी स्वतः लिहिलेला, लोरेंझो शेतकरी आणि त्याचा रेडा. उतारा त्या कुणाला आधी दाखवत नसत, पण पाच प्रश्नांची उत्तरं सगळ्या हेडमास्तरांना पाठ होती. तपासणीच्या आदल्या दिवशी प्रोसिंग दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी पाचवीत शिरलो आणि पोरांकडून घोकून घेतलं: राखाडी. लोरेंझो. शेतात. हो, मॅम. कष्टाचं फळ गोड असतं.

"सर, प्रश्न काय आहेत?" लिझेलनं विचारलं.

"ते तू नको बघूस."

मॅम तिबुर्सिया आल्या. नारळाचं पाणी झालं, केळीच्या पानातला चिकट भात झाला, फुलपाखरांचं कौतुक झालं. मागच्या अंगणात अख्खं डुक्कर निखाऱ्यावर फिरत होतं आणि त्याचा वास सातही वर्गांत शिकत होता. मी लिझेलला उभं केलं. मॅमनी तिच्या हातात उतारा दिला.

ती वाचू लागली. सावकाश. मला घाम फुटला. "लोरेंझो कष्टाळू शेतकरी होता. त्याच्याकडे एक राखाडी रेडा होता. मुलगी आजारी पडली म्हणून त्यानं तो रेडा बाजारात विकला. दुसऱ्या दिवशी पहाटे लोरेंझो आपला रेडा घेऊन शेतात..."

ती थांबली.

"वाच, बाळ," मी म्हणालो.

"सर, रेडा तर विकला."

"वाच म्हणतो ना!"

"पण सर, विकला. ही बघा ओळ."

मागच्या बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "थाप." मग दुसरं. मग अख्खा वर्ग: "थाप! थाप!" या गोंधळात पहिल्या बाकावरच्या एका भोळ्या पोरीला वाटलं तिची वेळ आली, आणि ती उभी राहून ओरडली, "राखाडी! लोरेंझो! शेतात! हो, मॅम!"

"शांतता!" मॅम तिबुर्सिया उठल्या. "गोष्ट आहे ती. शेतकरी आहे, रेडा आहे, तो शेतात जातो. यात न समजण्यासारखं काय आहे?"

"त्यानं परत विकत घेतला का, मॅम?" लिझेलनं विचारलं. बोट ओळीवरून हललं नव्हतं. "मग तसं लिहायला हवं."

"चोरला असेल," कुणीतरी सुचवलं. "म्हणून तर पहाटे गेला. अंधारात."

"मग कष्टाचं फळ कसं गोड?"

"चोरायला कष्ट पडत नाहीत होय? रेडा आहे तो, कोंबडी नाही!"

मी प्रोसिंगकडे पाहिलं. त्या मागं भिंतीला टेकून पंखा हलवत होत्या. गाल सुजलेला होता, पण चेहऱ्यावर सण होता. "मॅम," त्या नम्रपणे म्हणाल्या, "आमच्याकडे बोट ठेवून बघायची रीत आहे."

मॅम तिबुर्सियांनी उतारा हातात घेतला. चष्मा लावला. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत चौथीवर आल्या. परत तिसरीवर गेल्या. त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

"अकरा वर्षं," त्या पुटपुटल्या. "अकरा वर्षं मी हा..."

तिथं काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मॅम, डुक्कर निवतंय."

त्या डुक्कर न खाता गेल्या. तपासणीस न जेवता जाण्याची ही आमच्या किनाऱ्यावरची पहिलीच वेळ. पोरांनी मात्र शेपटीपर्यंत काही शिल्लक ठेवलं नाही. त्या दुपारी मी एकटा खोलीत बसलो होतो आणि मला राग यायला हवा होता. लिझेलवर, प्रोसिंगवर, कुणावर तरी. तो आला नाही. मॅम वर्गात विसरून गेलेला तोच उतारा मी हातात घेऊन बसलो होतो. सहा वर्षं मी पोरांकडून त्याची उत्तरं घोकून घेत होतो, आणि आज पहिल्यांदाच तो वाचत होतो.

पंधरवड्यानं अहवाल आला: 'विद्यार्थी वाचताना मध्येच थांबतात. विद्यार्थी उलट प्रश्न करतात. शाळाप्रमुखांनी लेखी खुलासा द्यावा.' उत्कृष्ट शाळेचा बॅनर शेजारच्या गावाला गेला. पुढच्या वर्षी त्या गावात उतारा बदललेला निघाला, लोरेंझो आता बकरी विकतो म्हणे, पण पोरं अजून राखाडीच सांगत होती.

खुलासा लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी मी दोन पानं माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ती फाडली. तिसऱ्या दिवशी एकच ओळ लिहिली: 'विद्यार्थ्यांना समजलं म्हणून ते थांबले.' प्रोसिंगना दाखवली.

"यावर तुमची बदली होईल," त्या म्हणाल्या.

"होऊ दे. शहरात होईल का?"

बदली झाली नाही. आमच्या गावात यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

मग मी कपाटाची किल्ली घेऊन गेलो. कुलूप गंजलेलं होतं, किल्ली आतच मोडली. पहारेकऱ्यानं करवतीनं कडी कापली. दार उघडलं तर खालचा सबंध खण वाळवीनं वाचून संपवला होता. वरच्या दोन खणांत प्लास्टिकच्या आत ओल धरून बुरशी आली होती. एकशे चाळीसांतली ऐंशीएक वाचतील अशी होती. मला प्रोसिंगकडे बघवेना. त्यांनी पंखा कमरेला खोचला आणि पोरांना हाका मारल्या.

पुस्तकं शाळेपुढच्या बास्केटबॉलच्या मैदानावर उन्हात घातली. तिथं एका बाजूला गावानं मासे वाळत घातले होते, त्यामुळे दोन्हींचा एकच वास झाला, तो आजतागायत आहे. राखणीला लिझेलला बसवलं, कारण मासे तिच्या आजीचे होते. आजी, लोला तोरिया (आमच्यात आजीला लोलाच म्हणतात), दुपारी फेरी मारायला आली तेव्हा तीन मांजरं जेवत होती आणि राखणदारीण मैदानाच्या मधोमध पालथी पडून पुस्तकात नाक खुपसून होती.

लोला तोरियानं पायातली चप्पल काढली. "अगं भवाने! डोळे कुठं गेलेत तुझे?"

"थांब ना, लोला! भाऊ होडी घेऊन गेलाय आणि बहिणीला कळलंय की होडीला भोक आहे!"

चप्पल वरच्यावर राहिली. लोला तोरियाचा नवरा समुद्रात गेलेला, दोन मुलं अजून समुद्रात जातात. ती हळूच खाली टेकली, माशांच्या आणि पुस्तकांच्या मधल्या पट्ट्यात.

"ओरडून सांगत का नाही मग ती त्याला?"

"सांगतेय. वारं उलटं आहे."

"वाच," लोला तोरिया म्हणाली. "आणि हळू वाच, मेले."

मी खोलीच्या खिडकीतून बघत होतो. मांजरांनी आणखी चार मासे नेले. मी हाकलायला गेलो नाही.