ईशान्येचं धुराडं

वेस्ट विंडसरमधलं ते दगडी घर पाहून देवदत्त जो भुलला तो भुललाच. कुणा इंग्रज शेतकऱ्यानं अडीचशे वर्षांपूर्वी बांधलेलं. हातभर जाड भिंती आणि बुटके दरवाजे. कपाळाला टेंगूळ आलं, तरी पठ्ठ्या सही करून मोकळा!

शुभाला, म्हणजे त्याच्या बायकोला, पहिल्याच दिवशी रडू फुटलं. मोहरी तडतडली रे तडतडली, की स्मोक अलार्म बोंबलायचा. एक्झॉस्टसाठी भोक पाडावं, तर घर पडलं हेरिटेज. टाउनशिपच्या, तिथल्या नगरपालिकेच्या, परवानगीशिवाय दगडाला हात लावायचा नाही. मग बाई भर थंडीत जॅकेट घालून गॅरेजमध्ये फोडणी करायची आणि पळत आणून वरणावर ओतायची. तोवर फोडणी गारढोण.

"स्वतःच्या किचनमध्ये फोडणी नाही, हे काय जिणं आहे?" ती रोज म्हणायची.

शेवटी टाउनशिपची मार्गारेट पाहणीला आली. शुभानं शिरा पुढे केला, भोकाची जागा दाखवली. मार्गारेटनं ठाम नकारार्थी मान हलवली. मग तिची नजर किचनच्या कोपऱ्यात गेली. तिथल्या भल्यामोठ्या कोनाड्यात लायटिंगच्या माळा आणि गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा.

"आमचं देवघर," देवदत्त ऐटीत म्हणाला. "कंपास लावून बघितलं, एक्झॅक्ट ईशान्य! वरून वारा यायचा, समई विझायची, म्हणून मी प्लायवूड ठोकलं."

मार्गारेट वाकली, वर पाहिलं आणि हसतच सुटली.

"अहो, ही या घराची चूल! वर धुराडं आहे. शेगडी इथे लावा, भिंत कशाला फोडता?"

शुभानं नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरला.

"ईशान्येला अग्नी? अगं, वाटोळं होईल!"

"ते इंग्रज पिढ्यानपिढ्या इथेच रांधत होते. त्यांचं काय वाटोळं झालं?"

"घर विकावं लागलंच ना शेवटी!"

शुभा देवांकडे वळली. देवांना हात जोडले, "तुमचा काही दोष नाही हो," म्हणाली, आणि एकेकाला उचललं. ईशान्येकडे दुसरी एकच खोली होती, देवदत्तचं ऑफिस. देव तिथे बसले. टेबल गॅरेजमध्ये गेलं.

प्लायवूड निघालं, धुराड्याखाली शेगडी आली आणि मोहरी मनसोक्त तडतडली. अलार्म चिडीचूप. शुभाला तर नाचावंसं वाटलं.

दुपारी गॅरेजमध्ये जॅकेट-टोपी घालून मीटिंगला बसलेल्या देवदत्तला तिनं वरणभात नेऊन दिला.

"गार झालाय गं," तो कुरकुरला.

"हो ना," शुभा म्हणाली, "पळत आणला तरी होतो."