घोडा मागे

कुताइसी शहरातल्या, घरांमधल्या त्या चौकात कुणाचा बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिला की तो अख्ख्या चौकाचा व्हायचा. काल नेस्तानचा राहिला. प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून पुढची चाल लिहून तिने पाकिटात घातली, पंचांनी ते बंद केलं. आज संध्याकाळी पाचला उघडणार. जिंकली तर राजधानी तिबिलिसीच्या संघात जागा, नाहीतर आयुष्यभर मोज्यांचा कारखाना.

द्राक्षाच्या मांडवाखाली लामारा आजीने पट मांडला. तिला अक्षरओळख जेमतेम. पण नातीला, नेस्तानला, घोडा धरायला तिनेच शिकवलं होतं, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

"पहिल्यापासून लाव. सुरुवातीलाच प्यादं फुकट दिलंस तेव्हा या वालिकोच्या पोटात गोळा आला होता."

"अजून आहे, आजी," वालिको न्हावी म्हणाला.

"तू दाढ्या कर. त्या प्याद्यापायीच तिचा उंट मोकळा झाला."

एकेक चाल करत सगळे पाकिटापाशी आले. नेस्तानने हत्ती थेट काळ्याच्या प्याद्यांच्या ओळीत नेला. "ही लिहिलीय. आता काळा काय करणार?"

माणसं डोकं खाजवू लागली. लामाराला उत्तर आधी दिसलं, आणि दिसल्यावर गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

"घोडा मागे!" ती गरजली. "निघाला त्या घरात परत! झाला हत्ती कैद! बघा, शिकलेल्यांनो!"

नेस्तान पांढरीफटक पडली. मग लामाराने वर पाहिलं. वरच्या सज्ज्यातली शेजारीण मार्गो ओले कपडे तसेच टाकून आत गेली होती. समोरचे काळे मोहरे मार्गोच्या भाचीचे, त्सिउरीचे. आणि ती उतरली होती मावशीकडेच.

लामारा जिना चढली.

"मार्गो, काय ऐकलंस गं?"

"तुमचा आवाज? तो नदीपलीकडेही जातो, आजी."

"आणि पोरीने?"

"तिलाही कान आहेत की," म्हणत मार्गोने दार लावलं.

पाचपर्यंत लामारा पट आवरायची आणि पुन्हा मांडायची. झोपली असेल पोरगी, जेवत असेल, भांडी वाजत असतील, असं ती स्वतःला बजावत राहिली.

पाचला स्पर्धेच्या हॉलमध्ये पंचांनी पाकीट फोडलं, हत्ती ठेवला, घड्याळ दाबलं. त्सिउरी डोकं धरून बसली. बसूनच राहिली. ठाऊक असतं तर एवढा विचार कशाला, म्हणून लामाराने श्वास सोडला.

तेवढ्यात त्सिउरीने घोडा उचलून मागे, घरात ठेवला. वर पाहिलं, आणि लामाराकडे बघत शाळेतल्या बाईंना लववावी तशी मान लववली.

नेस्तानने पटाकडे पाहिलंच नाही. ती आजीकडे वळली.