दीपगृह पाहून आलेला तांब्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा, पोटाने गोल, मानेला आटे आणि वर फिरवून लावायचे झाकण. मित्रांनो, आज तुम्ही हसाल, पण एके काळी कुळगावच्या हिरामणचे कुटुंब माझ्याशिवाय वेशीबाहेर पाऊल टाकत नसे.

वयाबरोबर माझे आटे झिजले आणि मी गळू लागलो. एका लग्नाला जाताना हिरामणच्या बायकोचे, कुंदाचे, नवे लुगडे मी चिंब केले. तिने बजावले, "आता एक थेंब जरी सांडला ना, तर याला मोडीत घालीन आणि उल्हासनगरच्या कॅम्पातून थर्मास आणीन." मोडीत म्हणजे थेट भट्टीत! माझी तर पाचावर धारण बसली.

ती १९५५ सालची गोष्ट. हिरामणच्या म्हाताऱ्या आईने, गोजरबाईने, दर्याकाठचे जुने दीपगृह पाहण्याचा हट्ट धरला. हिरामण अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. आदल्या दिवशी तो मला जेवणाच्या डब्याबरोबर तिथे घेऊन गेला. गल्लीतल्या विहिरीचे पाणी माझ्यात होतेच. त्याने आट्यांना सूत गुंडाळले, हत्यार नेल्याची खूण म्हणून आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवून खात्यातला मोठा पाना घेतला आणि झाकण असे आवळले की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. संध्याकाळी पाना परत केला, बिल्ला घेतला आणि आम्ही घरी आलो.

प्रवासात मी एक थेंबही सांडला नाही. रेल्वे झाली, बोट झाली, बैलगाडी झाली. कुंदा दर घटकेला पिशवी चाचपायची आणि मी मनात म्हणायचो, चाचप, खुशाल चाचप.

बोट लागेल म्हणून गोजरबाईने वाटेत घोटभर पाणीही घेतले नव्हते आणि बाकीच्यांनाही माझी गरज पडली नव्हती. दीपगृहाच्या गोल गोल पायऱ्या चढून ती माथ्यावर पोचली आणि मटकन खाली बसली. "हिरामन, पानी दे रं!"

हिरामणने झाकण फिरवले. ते हलेना. धोतराच्या सोग्यात धरून फिरवले, गुडघ्यांत दाबून फिरवले. दिवा सांभाळणारे धर्मराज पाहुण्यांना भिंगाची माहिती सांगत होते. ती ऐकायची सोडून सगळे पाहुणे माझ्याभोवती जमले आणि एकेकाने जोर करून पाहिला. एवढा मोठा समुद्र समोर, पण त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहीना!

"पाना आणायचा होतात की," कुंदा म्हणाली.

"कारखान्याचा पाना गेटाबाहेर येतो होय?" हिरामण घाम पुसत म्हणाला.

शेवटी धर्मराज म्हणाले, "आजी, माझ्या माठातलं घ्या."

"नको रं बाबा, दर्याकाठचं पानी खारट आसतंय."

"एक घोट तरी घेऊन बघा."

तिने घेतला, आणि मग सबंध दोन तांबे रिचवले. कुंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "झाकण उघडलं की याला मोडीत घालायचा." मी संपलो होतो, मित्रांनो. गळलो असतो तरी मरण, न गळलो तरी मरण.

घरी परतताच शेजारच्या राजाबाईने मला पाहिले. काशीहून गंगा येते ती अशीच घट्ट बंद भांड्यात. तिने गल्लीभर सांगितले, "गोजरबायनं तीर्थ आनलं!"

दुसऱ्या संध्याकाळी हिरामण कारखान्यातून माझे झाकण सैल करून आला, तर दारात बायका ओंजळी पुढे करून उभ्या. तो खरे सांगणार, एवढ्यात गोजरबाईने त्याला कोपराने ढोसले आणि पळी घेऊन वाटायला बसली. राजाबाई तीर्थ डोळ्यांना लावून प्यायली.

"काय गोडी हाये गं!" ती म्हणाली. "नायतर आपल्या हिरीचं पानी!"

त्यानंतर मला मोडीत घालायची कुणाची छाती होणार? मी देव्हाऱ्यात बसलो. रोज हळद, कुंकू आणि फूल. आणि पिशवीतून प्रवासाला जातो तो थर्मास.

मित्रांनो, भांड्याची निगा राखा, झाकण हातानेच लावा. आणि माझ्यासाठी एवढे करा, कुंदाला सांगा, मला पूजा नको. विहिरीचे पाणी भर आणि मला कुठेतरी घेऊन चल. गळलो तर गळलो.