निरोगी तोंडाचा फोटो

अरीबाने दवाखान्याचे पडदे ओढले, ट्यूबलाइट बंद केली आणि निळा दिवा आईच्या तोंडाजवळ धरला. दिवा कालच आला होता. त्याच्या भिंगातून पाहिलं की तोंडातली निरोगी कातडी आपोआप हिरवी उजळते, बिघडलेली काळी दिसते. पेशंटना फरक दाखवायला तिला एका निरोगी तोंडाचा फोटो हवा होता, आणि घरचं हक्काचं तोंड असताना दुसऱ्या कोणाच्या विनवण्या कशाला करायच्या? सुरैय्याने बरेच आढेवेढे घेतले, पण डॉक्टर लेकीपुढे तिचं काही चाललं नाही.

जीभ हिरवी, टाळूही हिरवा. डाव्या गालाच्या आत मात्र बोटाच्या पेराएवढा काळा डाग होता. अरीबाने तो दाबून पाहिला. नुसती सूज असती तर दाबल्यावर हिरवा रंग परत आला असता. तो आला नाही.

ती काही बोलायच्या आतच सुरैय्याने विचारलं,

"वाढलाय?"

अरीबाचा हात थांबला.

"वाढलाय म्हणजे? तुला माहीत होता?"

सुरैय्याने स्टुलावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. दाऊद चष्मा काढून सदऱ्याला पुसू लागला.

"रमजानच्या आधी उरणला दाखवला होता," तो म्हणाला. "तुकडा काढून तपासायला पाहिजे, बोलला डॉक्टर. ही तयारच नाय झाली."

"उरणला? पोरगी इथे पनवेलात दवाखाना टाकून बसलीय, आणि तुम्ही उरणला गेलात, अब्बा?"

अरीबाने खटकन ट्यूबलाइट लावली. अम्मीने तंबाखूची मिश्री सोडली, हे ती येणाऱ्या प्रत्येक बाईला कौतुकाने सांगत होती. म्हणजे अम्मी तिच्या पाठीमागे खुशाल मिश्रीने दात घासत होती, आणि बाजारहाट करणारे अब्बाच ती आणून देत असणार. दोघांनी मिळून तिला मूर्ख बनवलं होतं. परक्याने फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं.

"सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?"

सुरैय्याने ओढणीने तोंड पुसलं.

"तुझ्या डोक्यावर हात ठेवून कसम खाल्लेली, परत मिश्री लावणार नाय म्हणून. पण नाय राहवलं. मग रोज दुआ मागायचे, या खोट्याची सजा पोरीवर नको, माझ्यावर पडू दे. पडली माझ्यावर. मी अल्लाचा शुक्र केला, बेटा."

"म्हणून तुकडा काढू दिला नाहीस?"

"ही सजा माझ्यातून काढली, तर ती जाणार कुठं?"

अरीबाने तिला हाताला धरून खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः तिथे बसली. दिवा दाऊदच्या हातात कोंबला.

"लाइट बंद करा, अब्बा. बघू दे तिला. माझ्या तोंडात काही आहे का, ते बघू दे."

दाऊदने दिवा धरला. सुरैय्या भिंगाला डोळा लावून बराच वेळ पाहत राहिली. गाल, जीभ, टाळू, सगळं हिरवंगार होतं.

"आता नाय काय," ती हळूच म्हणाली. "माझं काढल्यावर?"